गाजर गवत, शेजारचा प्लॉट आणि ‘निराकरण झाले’

बागेतलं गाजर गवत (यालाच काँग्रेस गवतही म्हणतात) काढायला फारसा त्रास झाला नाही. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं निघेपर्यंत मात्र नगरपरिषदेने जीव काढला.

ओळखायचं कसं, ते आधी सांगते. रोप लहान असताना पानं जमिनीलगत गोल पसरतात, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. आमचा माळी त्याला शेवंती समजून पाणी घालत होता. मोठं झालं की दांड्यावर उभ्या रेघा आणि लव दिसते, शेंड्याला बारीक पांढरी फुलं येतात. फुलं यायच्या आत, पावसाने माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे हवेतच. ‘एवढ्याला काय मोजे’ म्हणणाऱ्या आमच्या यजमानांच्या हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं.

पण कुंपणाच्या अलीकडे कितीही राबा, पलीकडे एकेका झाडाला 15-20 हजार बिया धरणार आणि पावसाच्या पाण्याबरोबर आपल्याकडे येणार. म्हणून ॲपवर तक्रार केली. संध्याकाळी मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ गच्चीवरून पाहिलं, गवत जागच्या जागी डोलतंय. पुन्हा तक्रार, या वेळी फोटोसकट. पुन्हा निराकरण!

मग प्रत्यक्ष गेले. उद्यान विभाग म्हणाला, “ती बाग नाही मॅडम, आरोग्यवाल्यांकडे जा.” आरोग्य विभाग म्हणाला, “कचरा टाकलेला असता तर उचलला असता, हे तर उगवलंय.” तिसऱ्या टेबलावर कळलं की जागा खासगी आहे, मालकाचा अर्ज लागेल. ज्या माणसाने वर्षानुवर्षं प्लॉटवर पाऊल ठेवलं नाही, तो अर्ज करणार! वर एक साहेब म्हणाले, “काँग्रेस गवत काय, सगळीकडेच आहे.” 1950 च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हाही कुणीतरी खुर्चीत बसून असंच काहीतरी म्हणालं असणार. ऑगस्टमध्ये त्याच कार्यालयाच्या फाटकावर फलक लागला: गाजर गवत जागरूकता सप्ताह, 16 ते 22 ऑगस्ट. फलकाच्या बांबूपाशी फुलावर आलेलं गाजर गवत. फोटो जपून ठेवलाय.

शेवटी आवक-जावकच्या खिडकीवरच्या बाईंनी मार्ग दाखवला. “ताई, ‘शेजारचा प्लॉट’ लिहून फाईल हलत नाही. सिटी सर्व्हे नंबर टाका, मालकाचं नाव टाका, मालकाला नोटीस द्या असं लिहा. आणि पोच घेतल्याशिवाय इथून जाऊ नका.” मिळकत पत्रिका, म्हणजे जागेचा नंबर आणि मालकाचं नाव असलेला कागद, ऑनलाइन निघते, हे एवढे दिवस एकाही टेबलाने सांगितलं नव्हतं. नोटीस गेली आणि मालकांचा फोन आला. रागवतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, “तुम्हीच काढून घ्या, मजुरी मी देतो.” दिलीही. एका फोनचं काम होतं हो!

फुलावर आलेलं गवत उपटून तिथेच टाकू नका, पडल्या पडल्याही बी पिकतं. आम्ही पोत्यात भरून वाळवून जाळलं, धुरापासून लांब उभं राहून. फूल नसलेलं खुशाल खतात घाला. मिठाच्या दाट पाण्याची फवारणी सगळे सुचवतात. फरशीच्या फटींत ठीक, वाफ्यात मारलीत तर माती बिघडेल. मेक्सिकन भुंगेरे 1980 च्या दशकात मुद्दाम देशात आणले ते याच गवतासाठी, आणि पावसाळ्यात ते पानांची चाळण करतात. पण घरच्या बागेत त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा उपटणं बरं.

प्लॉटवर पावसाआधी टाकळ्याचं बी फेकलं. तो दाट वाढला की गाजर गवताला जागाच उरत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते.

आणि हो, मातीची किंवा शेणखताची ट्रॉली आली की लगेच पसरू नका. कोपऱ्यात ढीग करून पाणी मारा, जे उगवेल ते उपटा, मग वाफ्यात घाला.