एकाच सुरावर काय म्हणता?

ग्रेगोरियन गायन, म्हणजे कॅथलिक चर्चमधलं जुनं लॅटिन स्तोत्रगायन, शिकतो म्हटलं की प्रश्न ठरलेला: "तासभर एकाच सुरावर म्हणायचं, कंटाळा येत नाही?" पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

तक्रार अगदीच खोटी नाही. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात ख्रिस्ती मठांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मठवाशांनी बायबलमधली 150 स्तोत्रं आठवड्यात एकदा तरी म्हणायची. दीडशे चाली कोण पाठ करणार? म्हणून आठच साचे. थोडं चढून एका सुरावर यायचं, बहुतेक शब्द तिथेच म्हणायचे, मध्यावर छोटं वळण, थांबा, पुन्हा तोच सूर, शेवटी उतार. पहिल्या साच्यात तो सूर 'ला' (पाश्चात्त्य सरगमातला 'ध'), आठव्यात 'दो' (म्हणजे 'सा'). सुरुवातीची चढण पहिल्या ओळीपुरतीच. पुढच्या ओळी थेट त्या सुरावर.

एकाच सुरावर म्हणण्याचं कारण, या ओळींना मात्रांचं माप नाही. एक आखूड, तर पुढची श्वास पुरणार नाही एवढी लांब. जात्यावरची ओवी ऐकली असेल तर हे परकं वाटू नये: शब्द वाढले तरी बाई चाल मोडत नाही, त्यांना आत सामावून घेते. इथे तो वाढीव भार मधला सूर उचलतो. ओळ फारच लांबली तर पुस्तकात कट्यारीची खूण (†) असते; तिथे सूर किंचित खाली घेऊन श्वास घ्यायचा.

खरी परीक्षा पुस्तकातल्या तारकेपाशी (*), म्हणजे मधल्या थांब्याला. तिथे सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं, कुणीही न मोजता. पहिल्या महिन्यात सगळे गप्प असताना मी एकटाच खणखणीत आवाजात पुढच्या अर्ध्या ओळीत घुसलो होतो. कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं.

आठांबाहेरची एक नववी चाल आहे, 'भटकी'. तिचा पहिला अर्धा 'ला'वर, दुसरा 'सोल'वर (म्हणजे 'प'वर). इस्राएली लोक इजिप्तमधून बाहेर पडल्याच्या स्तोत्राला परंपरेने तीच लावतात. योगायोग असेलही, पण त्या स्तोत्रात सुराने मुक्काम हलवावा हे मला फार आवडतं.

आणि कंटाळा? एकाच सुरावर टिकून बघा. परवा शेवटच्या ओळीनंतर ऑर्गनवर सूर दाबला, तर आम्ही सगळे पाऊण सूर खाली घसरलेलो.