तुम्ही विचारलंत म्हणून: पेशीच्या एका धड्याला तीन आठवडे का?

हेडसर दर वर्षी विचारतात. पालक आठवडी बाजारात गाठून विचारतात. परवा एसटीत शेजारी बसलेले एक बाबा म्हणाले, "मॅडम, आमचं पोरगं म्हणतंय वर्गात अजून कांदाच बघायलेत. पुढचे धडे कवा घेणार?" स्टाफरूममध्ये मला 'कांदेवाल्या बाई' म्हणतात, तेही कानावर आहे. आठवीचा पेशीचा धडा इतरांचा चार-पाच तासांत उरकतो, माझा तीन आठवडे चालतो. का, ते एकदाचं लिहूनच टाकते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझा कोर्स पूर्ण होतो. म्हणजे, होतो असं मी हेडसरांना सांगते. गेल्या वर्षी ताऱ्यांची जीवनयात्रा एका तासात झाली. तारे जन्मले, तारे मेले, घंटा झाली. ते चुकलंच.

आता खरं कारण. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. परभणी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावात मी होते. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून बावन्न प्रयोगवह्या घेऊन बसले होते. प्रयोग नेहमीचाच: कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींचे निरीक्षण. एक्कावन्न वह्यांत एकच आकृती, पेशीतल्या सगळ्या भागांसकट. मधोमध गोल केंद्रक, शेंगदाण्यासारखी तंतुकणिका, एकावर एक रचलेल्या पोळ्यांसारखं गॉल्जी, ठिपके ठिपके रायबोझोम आणि पानाला हिरवा रंग देणारी हरितलवके, हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली. बावन्नाव्या वहीत मात्र विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी होत्या. तीन पेशींत एक ठिपका, तोही कडेला भिंतीला चिकटलेला. दोन पेशींत काहीच नाही. आणि मधेच जाड काळ्या काठाचं मोठं वर्तुळ. त्याच्याखाली लिहिलं होतं, "हे काय आहे माहीत नाही."

मी त्या पानावर लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती वही उंच धरली आणि विचारलं, "सगळ्यांना एक पेशी दिसली, तुला एकटीला वेगळी दिसली का?" वर्ग हसला. ती उभीच. म्हणाली, "मॅडम, दिसलं ते काढलं." मी म्हणाले, "हरितलवकं कुठंयत? पुस्तकात बघ, नीट काढ." मधल्या सुट्टीत तिने खोडरबराने ते सगळं खोडलं. कागद इतका विरला की नव्या आकृतीच्या मधोमध भोक पडलं. वर्तुळाचा दाब मात्र पानावर तसाच राहिला. मी दहापैकी आठ गुण दिले. तपासणीला आलेल्या साहेबांना वह्या फार आवडल्या.

त्या प्रयोगाच्या दिवशी मी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावलाच नव्हता. काचपट्टी ठेवून दिली, आरसा खिडकीकडे वळवला आणि 'एकेक जण या' म्हणून वह्यांवर सह्या करत बसले. हे लिहायला मला बारा वर्षं लागली.

पुढं एका उन्हाळ्यात शाळेचा मायक्रोस्कोप दुरुस्तीसाठी घरी आणला होता. चालतो का बघायला कांद्याचा पापुद्रा लावला, आयोडीनचा थेंब टाकला, आणि समोर तिचंच पान. कडेला ढकललेलं केंद्रक. ते तिथंच असणार, कारण अशा पेशीची बहुतेक जागा रिक्तिका, म्हणजे पाणीदार रसाने भरलेली पिशवी, अडवून बसते आणि पेशीद्रव्याचा पातळ थर तेवढा भिंतीला लागून उरतो. ज्या पेशींत ठिपका नव्हता, त्यांत बारीक फोकसचा स्क्रू जरा फिरवला की काहींत तो वर यायचा, कारण पेशी कागदासारखी सपाट नसते. आणि ते काळ्या काठाचं वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा. आच्छादन काच तिरकी न टेकवता धपकन ठेवली की होतो तो. हरितलवकं जमिनीखाली वाढलेल्या कांद्याच्या पापुद्र्यात येणार कुठून? मी मुलीला नसलेली वस्तू काढायला लावली होती. रायबोझोम तर मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा असतो. उजेडाने बघणाऱ्या कुठल्याच साध्या मायक्रोस्कोपची नजर तिथवर जात नाही. पुस्तकातली आकृती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या कित्येक चित्रांवरून जुळवलेली आहे. ती खोटी नाही, पण ती कांदाही नाही.

म्हणून आता पहिला आठवडा नुसतं बघणं. नावं सांगत नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात रिकाम्या कोठड्या पाहिल्या, तेव्हा त्यालाही बाकीची नावं कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात गालाच्या आतली पेशी. तिला पेशीभित्तिका नाही, त्यामुळे ती कांद्यासारखी चौकटीत बसत नाही, दुमडलेल्या पापडासारखी दिसते. मग लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा घेऊन त्यावर मिठाचं पाणी. तो जांभळा रंग रिक्तिकेत असतो. मिठाचं पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं आणि बघता बघता तो आक्रसून भिंतीपासून सुटतो. साधं पाणी दिलं की हळूहळू परत पसरतो. कैरीला मीठ लावलं की पाणी का सुटतं, युरिया अगदी बुडाशी पडला की रोप का करपतं, पाऊस ताणला की दुपारी कापूस माना का टाकतो, हे पोरंच मला सांगतात. एकाने विचारलं, "मग आमच्या शेतातल्या सगळ्याच रिक्तिका रिकाम्या झाल्या म्हणायच्या का?" त्या वर्षी सोयाबीन गेलं होतं. मी काही बोलले नाही.

नावं येतात तिसऱ्या आठवड्यात. पोळ्यांच्या चवडीसारख्या त्या भागाला ज्याचं नाव मिळालं, त्या गॉल्जी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाची गोष्ट मी रंगवून सांगते. १८९८ मध्ये त्याने चेतापेशीत जाळं पाहिलं, आणि पुढं पन्नासेक वर्षं शास्त्रज्ञ भांडत राहिले की ही खरी वस्तू की नुसता रंगाचा डाग. म्हणजे बुडबुडा का अंगक (पेशीतला खराखुरा भाग), हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

पण तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, बावन्न पोरं, दोन मायक्रोस्कोप, पस्तीस मिनिटांचा तास. आकाश भरून आलं की आरशात अंधार. परीक्षेत विचारतात 'नामनिर्देशित आकृती काढा', तिथं बुडबुडा काढून चालतो का? तिचं चूक नाही. लातूरला 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला गेलेला माझा एक विद्यार्थी दिवाळीत घरी आला होता. म्हणाला, "मॅडम, तिथं जीवशास्त्राचे तीनशे साठ गुण हायत. तुमचा कांदा मला लई आवडला होता, पण अंगकांची कामं मला तिथं जाऊन पहिल्यापासून पाठ करावी लागली." मी त्याला चहा दिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ती मुलगी? चार वर्षांपूर्वी परभणीच्या बसस्टँडवर भेटली. तिनेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायच्यात." मी विचारलं, "ती कांद्याची आकृती आठवते का गं?" तिने जरा आठवून बघितलं आणि हसून मान हलवली. नाही. खरंच आठवत नव्हतं की मला सांभाळून घेतलं, कळलं नाही. माफी ओठांवर होती, तेवढ्यात गंगाखेडची गाडी लागली आणि ती जागा धरायला पळाली. मला त्याने बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

सध्या प्रयोगवहीत दोन आकृत्या काढायला लावते. डाव्या पानावर दिसलेली, उजव्या पानावर पुस्तकातली. गुण उजव्या पानाला देते, द्यावेच लागतात. डाव्या पानाला काय द्यायचं ते मला सुचलेलं नाही. तिथं तारीख टाकून नुसती सही करते, पण सही करायच्या आधी स्वतः डोळा लावून बघते. तीन आठवडे त्यातच जातात.