पाकीट घरीच राहिलं

परवा मंडईत गेले, पाकीट घरीच, म्हटलं फोन आहे ना. मेथीची जुडी, पावशेर मिरच्या, ३५ रुपये झाले, मावशींच्या काट्याला चिकटवलेला क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि चाक फिरतंय ते फिरतंयच, बँकेचा सर्व्हर झोपलेला. मावशी म्हणाल्या, "अगं राहू दे, उद्या दे, डबा बोलला नाही म्हणजे आले नाहीत पैसे." २०१६ च्या नोटाबंदीत ह्याच मावशी सुट्ट्यांवरून भांडायच्या बरं का! परवाच्या फजितीपासून यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधल्याच छोट्या पाकिटात, थोडे पैसे टाकून ठेवते, छोट्या रकमेला पिन नको आणि पासबुकात पाच-दहा रुपयांच्या नोंदींची जत्रा पण भरत नाही. मावशींना मात्र एक पक्कं माहितीये, पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोणी मागितला की सरळ फोन कट.