एक जीबी आणि मेघदूत कार्ड

२००४ सालचा ऑगस्ट. दिवाळी अंकाची डीटीपीची (संगणकावर पानं जुळवायची) कामं अंगावर आलेली आणि माझा फुकटातला मेलबॉक्स दोन एमबीचा. कोल्हापूरच्या चित्रकारानं एक रेखाटन स्कॅन करून धाडलं की पेटी तुडुंब, मग संपादकांचा मजकूर आल्या पावली परत. फोनच्या तारेवरचं डायलअप इंटरनेट जोडल्यावर पहिली दहा मिनिटं मेल पुसण्यातच जायची.

अशात सॅन होजेच्या आतेभावानं जीमेलचं निमंत्रण पाठवलं. फुकटात एक जीबी! सेवा जाहीर झाली होती १ एप्रिलला, त्यामुळे तेव्हा मला ती थापच वाटली होती. निमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे, म्हणून ज्याच्याकडे असेल तो जरा भावही खायचा.

मी मात्र आठवडाभर त्या दुव्याला हात लावला नाही. पत्रातले शब्द यंत्रानं चाळायचे आणि त्यांना साजेशा जाहिराती शेजारी लावायच्या, असा एकूण व्यवहार होता. एप्रिलमध्येच खासगीपणासाठी झगडणाऱ्या तीसेक संस्थांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. पुसलेल्या मेलच्या प्रती काही काळ गूगलकडे राहू शकतात, हेही अटींमध्ये होतं.

आमचे आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, मेघदूत पोस्टकार्ड नाही का? साधं पन्नास पैशांना, हे पंचवीसला. पत्त्याच्या बाजूला जाहिरात असते म्हणून स्वस्त. लोक घेतातच की."

बिनतोड वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आलं, मेघदूतवरची जाहिरात आधीच छापलेली असते. मी आत्याच्या मोतीबिंदूबद्दल लिहिलं म्हणून ती चष्म्याची होत नाही. शिवाय मी अटी मान्य केल्या तरी मला पत्र लिहिणाऱ्यानं कुठे केल्यात? खरी गोम तिथे होती, आणि तिला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शेवटी मधला मार्ग काढला. कामाचं सगळं नव्या खात्यावर, घरचं जुन्यावर. (रोमन लिपीतलं मराठी वाचून त्या यंत्राला काही सुधरत नसे, शेजारचा कोपरा बहुधा कोराच राहायचा.)

वापरायला लागल्यावर वेगळेच प्रश्न निघाले. फोल्डर नाहीत, लेबलं लावा. मेल पुसायला सरळ बटण नाही, यादी उघडून कचऱ्यात टाकायचा पर्याय शोधा. आणि एकाच विषयाची पत्रं एकाखाली एक गुंफलेली. मी प्रत्येक मेलला विषय द्यायचो 'प्रूफ'. कथेचं पहिलं प्रूफ, दुरुस्त प्रूफ, अंतिम प्रूफ, सगळी एकाच माळेत. घाईत मी मधलंच उतरवून घेतलं आणि 'आशिर्वाद' तसाच ऱ्हस्व 'शि' घेऊन पानावर बसला. छपाईसाठी ट्रेसिंग कागदावर पानं काढताना दिसला म्हणून वाचलो. चूक माझीच होती. त्या दिवसापासून विषयात कथेचं नाव, तारीख आणि कितवं प्रूफ हे लिहायला लागलो.

नोव्हेंबरमध्ये पॉपची सोय आली, तीही फुकट, आणि माझा निकाल लागला. तिच्यामुळे आउटलुक एक्सप्रेस या मेलच्या प्रोग्रॅममध्ये सगळा पत्रव्यवहार आपल्या संगणकावर उतरवून घेता येऊ लागला. एक जीबीपेक्षा मला याचं मोल जास्त वाटलं. उद्या अटी बदलल्या, पटेनासं झालं, तर गाठोडं घेऊन निघता येईल. त्यानंतर हळूहळू घरची पत्रंही तिकडेच यायला लागली.

पुढे मलाही निमंत्रणं वाटायला मिळाली. एक चित्रकाराला, एक संपादकांना दिलं. आप्पांनाही हवं होतं. पण निमंत्रण पाठवायला आधी ईमेल पत्ता लागायचा, आणि तो त्यांच्याकडे नव्हता. "मग कार्डावर पाठव," म्हणाले.