केबल ओढणारे ते केबल तपासणारे : आमची वाटचाल

आमची फर्म पुण्यातली, ऑफिस कोथरूडला पण कामं बहुतेक हिंजवडी, खराडी नाहीतर चाकणच्या बाजूला. २००९ ला सुरू केलं तेव्हा मी आणि माझा मावसभाऊ दोघंच, आणि ऑफिसातल्या नेटवर्क केबलिंगचीच कामं घ्यायचो, म्हणजे बॉक्स आणायचे, फॉल्स सीलिंगच्या वर चढून केबल ओढायची, आयओ (भिंतीतलं नेटवर्क सॉकेट) पंच करायचे, रॅक लावायचा आणि शेवटी तो छोटा लाइटवाला टेस्टर लावून आठही दिवे ओळीने लागले की पॉइंट ओके. सगळं मार्केट तेच करायचं आणि १०० एमबीपीएसच्या काळात ते चालूनही जायचं.

पुढे एका बॅक ऑफिसचं काम मिळालं, त्याच्या टेंडरमध्ये लिहिलेलं की प्रत्येक नोडचा, म्हणजे एकेका पॉइंटचा, फ्लूक रिपोर्ट पाहिजे, म्हणजे मशीनने केबल मोजून दिलेला पास-फेल रिपोर्ट. (मशीन कुठल्याही कंपनीचं असो, मार्केटमध्ये त्याला फ्लूक रिपोर्टच म्हणतात.) केबल कंपनी जी २५ वर्षांची वॉरंटी देते ती मिळवायला हे रिपोर्ट द्यावे लागतात, तोंडी ओके चालत नाही. आम्ही मशीन ऑपरेटरसकट भाड्याने आणलं आणि मी त्या माणसाच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. आमच्या लाइटवाल्या टेस्टरला ओके वाटलेल्या नोडवर याच्या स्क्रीनवर लाल फेल. कारण स्प्लिट पेअर. म्हणजे वायर दोन्ही टोकांना बरोबर पिनवर, त्यामुळे दिवे बरोबर लागणारच, पण जोडीतली एक वायर या पिळातली आणि दुसरी त्या पिळातली. पीळ असतो तो एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरू नये म्हणून, तोच फुकट गेला की नेक्स्ट, म्हणजे हे शिरणं किती रोखलं जातं त्याचं माप, ढासळतो, आणि हे नुसती वायर जोडलेली आहे का बघणाऱ्या कन्टिन्युटी टेस्टला कधीच दिसणार नाही. नेक्स्ट, रिटर्न लॉस, इन्सर्शन लॉस, डिले स्क्यू अशी सिग्नल कितपत नीट पोचतो याची मापं, कॅट ६ दर्जाची केबल असेल तर पार २५० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात आणि कॅट ६ए ला ५००, शिवाय दोष केबलमध्ये किती मीटरवर आहे तेही मशीन सांगतं. मला तिथेच कळलं की पुढे हेच काम करायचं.

मशीन सेकंडहँड घेतलं तरी लोन काढावं लागलं. बायको म्हणाली एवढ्यात गाडी आली असती, निदान घरच्यांना बसता तरी आलं असतं. तिचं चुकीचं नव्हतं. वर दरवर्षी कॅलिब्रेशनला पाठवायचं, तेवढे दिवस मशीन नाही, आणि अ‍ॅडॅप्टरची टोकं झिजतात ती वेगळीच.

काही वर्षं केबलिंग आणि टेस्टिंग दोन्ही चालवलं. मग केबल ओढणं पूर्ण बंद केलं, कारण जो केबल ओढतो त्यानेच पास-फेल ठरवायचं यात अर्थ नाही. मावसभावाला हे पटायला वेळ लागला, कारण पैसा खरा केबलिंगमध्येच होता, पण आज तोच सगळ्यात कडक आहे. एका साइटवर जुना ठेकेदार पीडीएफची गठ्ठाच्या गठ्ठा फाइल देऊन गेलेला, ती चाळली तर नोडची नावं वेगळी पण नेक्स्टचे आकडे दशांशापर्यंत सारखे. दोन नोड असे जुळे कधीच येत नाहीत हो, एकाच रिपोर्टवर नावं बदललेली. तेव्हापासून आम्ही पीडीएफबरोबर मशीनची मूळ फाइलही देतो आणि कस्टमरला सांगतो की कोणाकडूनही काम करून घ्या पण ती फाइल मागा.

सगळ्यात जास्त डोकं खाणारं वाक्य म्हणजे ‘नेट तर चालतंय ना’. चालतंयच की! सीसीए केबलवरही चालतं, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात. अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यावर पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा किंवा वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट लांबवर टाकला की व्होल्टेज पडतं, केबल तापते, मग रात्री कॅमेरे आपोआप रीस्टार्ट होतात आणि दोष नेटवर्क स्विचला. सुरीने वायर खरवडली की आतून पांढरी दिसते, ही ओळखायला मशीन लागतच नाही.

२०२० मध्ये ऑफिसंच बंद, कामही बंद, पगार कसेबसे निघाले. नंतर लोक परत आले ते लॅपटॉप घेऊन, टेबलावरचे नोड कमी झाले आणि सीलिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी कॅट ६ए वाढली. १० गिगाबिटचा स्पीड कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंतच धरतात, ६ए वर १०० मीटर, म्हणून मोठ्या फ्लोअरला पर्याय नाही. फायबरचं टेस्टिंगही त्याच काळात सुरू केलं, त्यात निम्मा वेळ कनेक्टर पुसण्यात जातो.

आता आम्ही नोडमागे रेट लावतो, आणि एक अट घालतो, जिप्सम सीलिंग बंद व्हायच्या आधी थोडे नोड टर्मिनेट करून, म्हणजे केबलची टोकं सॉकेटला जोडून, आम्हाला टेस्टिंगला बोलवा. इंटिरियरवाले कुरकुरतात, पण पेंट झालेलं सीलिंग फोडायचं बिल त्यांनी एकदा बघितलं की पुढच्या साइटला आधी त्यांचाच फोन येतो.