नळाच्या वायसरवरचा व्हीएफओ: 2,100 हर्ट्झवरून 45 वर

सेट माझा जुना बिटएक्स20, हॅम म्हणजे हौशी रेडिओचा ट्रान्सीव्हर, 2007 मध्ये हाताने बांधलेला. डिझाइन हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू2ईएसई) यांचं. 10 मेगाहर्ट्झचं क्रिस्टल फिल्टर, 4 मेगाहर्ट्झच्या आसपासचा व्हीएफओ (फ्रीक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर), आणि दोन्हींची बेरीज, 14 मेगाहर्ट्झ, म्हणजे आपला 20 मीटर बँड. टोरॉइड (कॉइलसाठीची चुंबकीय कडी) सहज मिळत नसत, म्हणून कॉइल नळाच्या वायसरवर गुंडाळायची ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हा सेट मला सोडायचा नाही. पण गप्पा रंगल्या की समोरचा म्हणायचा, "ओएम (हॅम एकमेकांना असंच म्हणतात), खाली सरकलात." म्हणजे माझी फ्रीक्वेन्सी घसरायची.

एसआय5351, म्हणजे डिजिटल पद्धतीनं स्थिर फ्रीक्वेन्सी देणारा आयसी, बसवला की प्रश्न मिटतो, हे मान्य. फरहान यांच्याच बिटएक्स40 मध्ये पुढे राडुइनो या कंट्रोल बोर्डासोबत तो आला. पण मला एलसी, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरचा, व्हीएफओच स्थिर करायचा होता.

आधी फक्त मोजलं. फ्रीक्वेन्सी काउंटर अर्धा तास तापवून घेतला, व्हीएफओच्या डब्यात थर्मामीटरचा प्रोब सोडला, आणि दर दोन मिनिटांनी वहीत आकडा. एका तासात फ्रीक्वेन्सी 2,100 हर्ट्झ खाली, डबा 31 अंशांवरून 40 वर. आकडा एकाच दिशेनं, हळूहळू सरकत होता. उड्या मारत असता तर आधी गँगचे (ट्यूनिंगच्या फिरत्या कपॅसिटरचे) कॉन्टॅक्ट आणि कोरडे सोल्डर जोड तपासले असते. उडी आणि ड्रिफ्ट (हळूहळू सरकणं) हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

नऊ अंश उष्णता आली कुठून? 8 व्होल्टचा रेग्युलेटर मीच डब्यात, कॉइलपासून दोन सेंटिमीटरवर बसवला होता. तो मागच्या पत्र्यावर नेला आणि डब्यात फक्त वायर आणि डीकपलिंग कपॅसिटर ठेवले. आता डबा तासाभरात 35.5 वरच थांबतो, ड्रिफ्ट 1,050. डब्याला थर्माकोल लावण्याची घाई मी याआधी केली होती. उष्णतेचा उगम आत असताना थर्माकोल ती आतच कोंडतो. तो बाहेरच्या वाऱ्याच्या झुळकीपासून वाचवतो, एवढंच.

मग स्पिरिटची चाचणी. कानकाडीचा कापूस आयसोप्रोपिलमध्ये बुडवून एकेका भागाला नुसता टेकवायचा आणि काउंटरकडे बघायचं. स्पिरिट उडताना तो भाग थंड होतो. ट्रान्झिस्टरला टेकवलं, काही हर्ट्झ हलले. गँगला, जवळपास काहीच नाही. टँकमधल्या (फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या सर्किटमधल्या) तपकिरी 220 पिकोफॅरड डिस्क कपॅसिटरला टेकवलं आणि आकडा काही सेकंदांत सव्वादोनशे हर्ट्झ वर चढला, मग कापूस काढल्यावर सावकाश खाली आला. अठरा वर्षं तो डिस्क माझ्या डोळ्यांसमोर होता. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 56 पिकोफॅरडचे एनपी0 (तापमानानं जवळपास न बदलणारे कपॅसिटर) आणले आणि चार समांतर लावले. चारांमध्ये आरएफ करंट वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक जण कमी तापतो. ड्रिफ्ट 540.

कॉइल नवीन गुंडाळली, पुन्हा वायसरवरच. वेढे घट्ट ओढून कॉइल दहा मिनिटं पाण्यात उकळली, रात्रभर वाळवली, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन पातळ हात. उकळल्यानं तारेतला ताण निघतो. याचा फायदा पुन्हापुन्हा तापण्या-गार होण्यात दिसला: आता आकडा त्याच वाटेनं परत येतो. तासाभराचा ड्रिफ्ट मात्र तेवढाच राहिला.

उरलं ते अंशाला 120 हर्ट्झ, म्हणजे 4 मेगाहर्ट्झवर 30 पीपीएम (दशलक्षात 30). फ्रीक्वेन्सी एलसीच्या वर्गमुळाशी व्यस्त, त्यामुळे तेवढं भरून काढायला कपॅसिटन्स दुप्पट, म्हणजे अंशाला 60 पीपीएमनं कमी व्हायला हवी. टँकमध्ये एकूण 300 पिकोफॅरड आहेत. एन750 हा अंशाला 750 पीपीएमनं कमी होणारा कपॅसिटर; त्यातला त्याचा वाटा 60 गुणिले 300 भागिले 750, बरोबर 24. मिळाला 22 चा, टोकाला जांभळा रंग असलेला. तो घातला आणि एनपी0 मधून तेवढेच पिकोफॅरड कमी केले.

पहिल्याच दिवशी गंमत दिसली: सुरुवातीच्या दहा मिनिटांत फ्रीक्वेन्सी उलटी, 60 हर्ट्झ वर गेली. छोटा कपॅसिटर लवकर तापतो, कॉइल उशिरा. तो कॉइलला टेकवून लाखेनं चिकटवला, तेव्हा हा चढ 15 हर्ट्झवर आला. आता तासाचा ड्रिफ्ट 45 हर्ट्झ, त्यातला बहुतेक पहिल्या वीस मिनिटांत. परवा 14 मेगाहर्ट्झवर पाऊण तास बोललो, समोरच्यानं आरआयटीला (फक्त ऐकण्याची फ्रीक्वेन्सी थोडी सरकवणाऱ्या नॉबला) हात लावला नाही. त्याला मी मुद्दाम विचारून घेतलं.

हफ अँड पफ स्टॅबिलायझर, सरकलेली फ्रीक्वेन्सी आपोआप जागेवर ओढणारं सर्किट, म्हणजे डच हॅम क्लास स्पारगारेन, पीए0केएसबी यांची 1973 ची कल्पना, यावर बसवता येईल. आता सरकण्याचा वेग इतका कमी आहे की त्या सर्किटला पकड ठेवणं सोपं जाईल. पण त्याआधी जून बघायचाय. वायसर नायलॉनचा आहे आणि नायलॉन दमट हवेत पाणी शोषतं. लाख किती अडवते ते पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून आणि न ठेवता, दोन्ही प्रकारे मोजणार आहे.