चिनी काढा सुरू करताना: सिंगापूरमधला माझा अनुभव

सिंगापूरला आल्यापासून माझी सर्दी बारमाही झाली. पहाटे डोळा उघडला की शिंकांवर शिंका, मग नाक चोंदणार, दुपारपर्यंत डोकं जड. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी धुळीतल्या डस्ट माइट्सची ॲलर्जी असल्याचं सांगितलं आणि स्टिरॉइडचा स्प्रे दिला. त्याने बराच आराम पडायचा, पण सकाळच्या शिंका काही हटेनात. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने सुचवलं, एकदा सिनसेंना दाखव. सिनसे म्हणजे इथले चिनी वैद्य.

इथे चिनी वैद्यकाची परंपरा जुनी आहे. थोंग चाय ही संस्था 1867 पासून रुग्णाचा वंश-धर्म न बघता मोफत औषधोपचार करते आहे. पण मला धीर दिला तो कायद्याने. 2000 साली झालेल्या कायद्यामुळे इथल्या चिनी वैद्यांना सरकारी मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. मी आधी यादीत नाव शोधलं, मगच वेळ घेतली.

वेळ घेताना रिसेप्शनवरच्या बाईंनी बजावलं, "येताना जीभ घासून येऊ नका, आणि येण्याआधी चहा-कॉफी नको." दात घासल्यावर जीभ खरवडल्याशिवाय आपली सकाळ होत नाही, त्यामुळे त्या दिवशी तोंड धुतल्यासारखं वाटेना. पण कारण लगेच कळलं. सिनसेंनी सगळ्यात आधी जीभ बघितली: रंग, वरचा थर, कडा. माझ्या जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, ते त्यांनी आरशात मला दाखवले. मग नाडी. आपल्याकडच्या वैद्यांसारखीच तीन बोटं, पण दोन्ही मनगटांवर, आधी अलगद आणि मग दाबून. नंतर प्रश्न, आणि ते संपता संपेनात. घाम कधी येतो, तहान गरम पाण्याची की गार, पोट साफ होतं का, हातपाय गार पडतात का, झोप, पाळी, शिंकेबरोबर येणारं पाणी पातळ की घट्ट. निदान त्यांच्या भाषेत होतं: फुप्फुसाची आणि प्लीहेची 'ची', म्हणजे जीवनशक्ती, कमी. त्यांच्या शास्त्रातली प्लीहा म्हणजे शरीरातली पानथरी नव्हे, तर पचन सांभाळणारी शक्ती, हेही त्यांनी आपणहून समजावलं.

मला सांगायचं आहे ते मुख्यतः याच्या पुढचं. चिनी औषधात रुग्णाने आपली सगळी माहिती द्यायची आणि औषधाची सगळी माहिती मागून घ्यायची. मी रक्तदाबाची गोळी घेते. ती पट्टी दाखवल्याबरोबर सिनसेंनी लिहिलेल्या यादीतून ज्येष्ठमध काढून टाकला. पुष्कळ चिनी काढ्यांत तो थोडाफार असतो. पण सतत पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. मी शाकाहारी असल्याचं सांगितलं तेव्हा आणखी एक नाव खोडलं गेलं. ॲलर्जीच्या काढ्यात कधी कधी सिकाडा या किड्याने टाकलेली कात घालतात. समोरच्या लाकडी खणातून त्यांनी ती काढून दाखवली: पिवळसर, कागदासारखी, पाय आणि डोळ्यांचे आकार जसेच्या तसे. गांडूळ, शिंपले, गाढवाच्या कातड्याचा डिंक हेही या औषधांत येतं, तेव्हा आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. त्यासाठी कुणी नाक मुरडत नाही.

त्यांनी जी६पीडी या एन्झाइमच्या कमतरतेबद्दलही विचारलं. ती असलेल्या नवजात बाळांना कावीळ वाढण्याची भीती असते म्हणून हुआंग लियान या कडू मुळावर सिंगापूरने 1978 मध्ये बंदी घातली होती, ती 2013 मध्ये उठली. आपल्या दारुहळदीत बर्बेरिन नावाचं जे द्रव्य असतं तेच त्यातही आहे.

शेवटी ठरला तो यू पिंग फंग सान हा जुना पाठ, म्हणजे औषधांचं ठरलेलं मिश्रण. हुआंग ची, बाय झू आणि फांग फंग ही तीन मुळं, जोडीला मॅग्नोलियाच्या कळ्या, पुदिन्याच्या जातीचा पाला आणि संत्र्याची वाळवलेली साल. पावडरही मिळत होती. काढा आटवून सुकवलेले ते दाणे गरम पाण्यात ढवळले की झालं. मी सुरुवातीला काढाच घेतला.

पुड्या काटेकोर तोलून कागदात बांधून मिळाल्या. एक उघडली की सगळी सामग्री डोळ्यांसमोर: हुआंग चीचे लांबट पिवळे काप आणि सोनचाफ्याच्या कुळातल्या त्या लवदार कळ्या. कळ्यांची लव घशाला टोचते म्हणून त्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधूनच टाकायच्या. बाकीची मुळं-साली गार पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी दोन बोटं वर. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. उकळी आली की मंद आचेवर अर्धा तास. पुदिना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर त्याचं तेल वाफेबरोबर उडून जातं. गाळलं की त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा उकळा काढायचा, दोन्ही एकत्र करायचे आणि निम्मं सकाळी, निम्मं रात्री कोमट प्यायचं. चव कडवट-गोडसर, वास जुन्या लाकडी कपाटासारखा. त्याची सवय होते.

काढा सुरू करण्याआधी पुडीवरची नावं घेऊन मी पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यादी वाचली, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घेतल्या, आणि गोळी व स्प्रे चालूच ठेवायला सांगितलं. लघवी गडद झाली, मळमळ वाढली, डोळे पिवळे दिसले तर काढा त्याच दिवशी बंद करून यायचं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डांग ग्वे आणि डान शेन या मुळांपासून लांबच राहावं, असंही त्या म्हणाल्या.

नावांसाठी इतका आटापिटा का, याचं उत्तर बेल्जियममध्ये आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये एका चिनी मुळाऐवजी मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं मूळ गेलं. त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभराच्या आसपास रुग्णांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं खराब झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरीची वेल त्याच कुळातली आहे. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' असं कुणी म्हणालं की मला त्या बायका आठवतात. केस काळे व्हावेत म्हणून भारतातून हो शो वू या चिनी मुळाची फर्माइश येते, तीही मी नाकारते. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि ते मागणाऱ्या कुणालाही वैद्याने तपासलेलं नसतं.

दर भेटीला पाठ थोडा बदलायचा. पोट जड वाटलं तर संत्र्याची साल वाढायची, नाक मोकळं झालं की कळ्या कमी. पुढे मी पावडरीवर आले. सकाळच्या शिंका आता पुष्कळ कमी आहेत. त्याच सुमाराला गादी-उशांना डस्ट माइट्स अडवणारी कव्हरंही घातली होती आणि स्प्रे चालू होता, त्यामुळे श्रेय काढ्याचं किती हे मला वेगळं काढता येत नाही. या पाठावर चाचण्या झाल्या आहेत, पण बऱ्याचशा छोट्या. सिनसेंनी सध्या औषध थांबवलं आहे. सुमात्रातल्या आगींचा धूर इकडे आला की नाक परत बिघडतं, तेव्हा मात्र नव्याने जीभ-नाडी दाखवायला यायचं. घरात उरलेल्या जुन्या पुड्या उकळायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं आहे.